नाकतोड्याची वाटणी

गणपती उठले की गवत कमरेला येई
आणि आवटी मॅडम म्हणत, मुलाणी, निघा.
मच्छरदाणीची शिवलेली जाळी, झाकणाला भोकं पाडलेली बरणी,
सायकल हरिपूरच्या रस्त्याला.
तीस नाकतोडे. नरच हवेत.
नर अंगानं बारका, शेपटाशी होडीसारखा वर वळलेला.
मी आठवी नापास, पण एवढं ओळखायला
मला कधी भिंग लागलं नाही.

पोटात, वरच्या अंगाला, पिवळ्या चरबीत लपलेला झुबका.
त्यातली एक नळी काचेवर, तिच्यावर लाल थेंब,
वर पातळ काच, टिपकागद, आणि अंगठा.
"सरकू देऊ नका, सरळ दाबा!"
खोलीभर सिरक्याचा वास.

चौथ्या टेबलाशी समडोळीची त्रिशला चौगुले,
हात मागं बांधून.
मी जीव मारणार नाही, म्हणाली, मार्क कापा.
मॅडमनी मार्क कापले नाहीत. माझ्याकडं पाहिलं.
त्या दिवसापासून तिचा नाकतोडा मी कापायचा,
काच ती बघायची.
पाप कुणाच्या खात्यावर, ते आम्ही तिघांनी
कधी काढलं नाही.

बघायची मात्र सगळ्यांहून जास्त वेळ.
"मामा, या, जोड्या लागल्यात."
मी एक डोळा मिटून वाकलो.
लाल दोऱ्यांचे तुकडे,
बापाकडचा एक, आईकडचा एक, अंगाला अंग लावून.
कुठं कडी, कुठं फुली.
फुली जिथं, तिथं म्हणे सुटण्याआधी
आपला तुकडा देऊन दुसऱ्याचा घेतात.
अकरा जोड्या.
आणि एक एकटा.
"नराला हा एकच असतो," ती म्हणाली, "आईकडून आलेला."
तो कडेला उभा होता,
लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या माणसासारखा.

माझी भावाशी वाटणी झाली तेव्हा
मोजणीदार आला, साखळी आली, पंच आले,
तरी विहिरीवरून अजून बोलणं नाही.
इथं तलाठी नाही.
जोड्या मधोमध उभ्या राहतात,
एक इकडं, एक तिकडं,
कोण कुठं जाणार, त्यांनाही ठाऊक नसावं.
मग प्रत्येक दोरा पुन्हा उभा फाटतो.
एका पेशीच्या चार.
दोघींकडं अकरा, दोघींकडं बारा,
तो एकटा जिकडं गेला तिकडं बारा.
मग शेपूट फुटतं.

मी मॅडमना विचारलं,
निम्मं कशाला? लेकराला अख्खंच द्यावं की.
त्या हात धूत होत्या.
"हरिपूरला वारणा मिळाली की कृष्णा केवढी होते, पाहिलंय ना?
दर पिढीला तसं झालं
तर चार पिढ्यांत महापूर, मुलाणी.
भेटायच्या आधी दोघांनी निम्मं व्हायचं."

माझ्या डाव्या हाताची करंगळी आत वळलेली.
बापाची होती, बापाच्या फुफीची होती.
तस्नीम जन्मली, सिव्हिलच्या नर्सनं दुपट्यातून हात काढला,
मी आधी करंगळी पाहिली, मग तोंड.
सरळ होती.
तेव्हा उगाच वाईट वाटलं.
काच बघितल्यावर कळलं,
ती ज्या वाटणीतून आली
त्या वाटणीत करंगळी पलीकडच्या पेशीत गेली असणार.
पलीकडची पोचली नाही. कोटींतली एक पोचते.
तस्नीम एकटीच.
म्हणजे करंगळी आता माझ्यापाशी संपली.

चिरफाड बंद झाली. पडद्यावर रंगीत दोरे आपोआप सुटतात,
सिरक्याचा वास येत नाही.
बरणीत मी बटणं ठेवतो.
निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना
तळाशी एक जर्नल सापडलं, वाळवीनं कोपरा खाल्लेलं.
पेन्सिलीनं काढलेल्या अकरा जोड्या,
आणि कडेला तो, शिसं दाबून, सगळ्यांहून काळा.
बाकीच्यांना बाण, नावं, आकडे.
त्याच्यापुढं नुसतं:
आईचा.