सव्वा किलो

चरईत माझं रद्दीचं दुकान. त्या दिवशी
तराजूत लॅटिनचा शब्दकोश होता,
सव्वा किलो, पुठ्ठा सुटलेला, कडा वाळवीनं कुरतडलेल्या.
सांतान मामा म्हणाले, हा फाडू नकोस.
किती?
म्हटलं, वजनाचे तीस द्या.

लहानपणी ते वेदीशी उभे राहायचे,
घंटी हातात, लॅटिन तोंडपाठ,
अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही.
मग सगळी प्रार्थना मराठीत आली.
सगळं कळू लागलं, म्हणाले,
आणि काहीतरी गेलं.
काय, ते वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं
खोकी मोजताना आठवलं नाही.

डीच्या पानावर बोट ठेवून त्यांनी वाचलं:
देसिदेरियुम.
सिदुस म्हणजे तारा, नक्षत्र.
दे म्हणजे पासून. किंवा वेगळं. किंवा दूर.
कुणी म्हणतं, ताऱ्यांकडून काय येतंय त्याची वाट,
कुणी म्हणतं, ताराच दिसेनासा झाला, ते.
नक्की कुणालाच ठाऊक नाही,
आणि पुढचं वाळवीनं खाल्लंय.

मी म्हटलं, आमच्यात याला आस म्हणतात.
कुठला आस, त्यांनी विचारलं,
चाकातला तो, की मनातली ती?
माझ्या हातगाडीचा तो गेल्या वर्षी वाकलाय.
तिचं मी कधी बघितलं नव्हतं.

मे महिन्यात एका रात्री टेंभी नाक्याजवळ डीपी उडाली.
सगळी चरई काळी. आम्ही गच्चीवर गेलो,
मामा कठडा धरून, मी त्यांची चप्पल शोधत.
वर बाज होती, चारी खूर शाबूत,
मागे तिचे तीन चोर,
इतके दिवस हे सगळं इथंच होतं की काय!
मला वाटलं, मामा खूश होतील.
ते म्हणाले, हे दिसलं की तो शब्द संपतो रे.
आणि गप्प झाले.

मग खालून आरडाओरडा झाला, आली, आली,
पंखे फिरले, कुणाचा तरी मिक्सर लागला,
आणि आकाश परत पिवळट.
मामा त्याच जागेकडे बघत राहिले,
जिथं आता फक्त
समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

जाताना म्हणाले, उरलेलं अर्धं पान
रद्दीत कुठं आलं तर ठेव.
आता येईल तो गठ्ठा सोडून बघतो.
वाळवीच्या पोटात गेलेलं पान रद्दीत येत नाही,
हे मला तेव्हाच माहीत होतं.