फ्रिजवरचा कागद

बावोच्या स्वयंपाकघरात, शिंपल्याच्या आकाराच्या चुंबकाखाली
दर शुक्रवारी तो कागद लागायचा.
नाव, वेळ. नाव, वेळ.
नियम त्याचाच : घोट घेतला की लिहायचं,
लिहिल्याशिवाय दुसरा नाही.
गणित शिकवायचा तो, अँटवर्पच्या एका शाळेत.
मोजलेल्या गोष्टी दगा देत नाहीत म्हणायचा.

शुक्रवारी अक्षर सुबक :
योरिस, दहा वाजून पाच.
एमिलिओ, साडेदहा.
शनिवारी पहाटे आकडे ओळीवरून घसरू लागत
आणि रविवारी कुणाच्या नावापुढे नुसता ठिपका,
पेन तिथेच टेकून राहिल्यासारखा.

खोटं कशाला बोलू, सुंदरही असायचं ते.
खाली स्खेल्डेवरून मालाची जहाजं जायची,
काचा किंचित थरथरायच्या,
आणि पोपरिंगेच्या ज्या घरात
बाप माझ्यापेक्षा हॉप्सच्या वेलींशी जास्त बोलला
तिथून मी आणलेला हा लाजरा, जाडसर देह
एक अख्खी रात्र
कुणी नापसंत म्हणून परत केला नाही.

वसुली मंगळवारी.
ट्रॅममध्ये रडू यायचं, बेकरीत रडू यायचं,
पाव कापून देऊ का, एवढं विचारलं तरी.
गोळ्यांच्या डबीत तीन खिडक्या बंदच :
शुक्रवार, शनिवार, रविवार.
तळहातावर तांबूस डाग उठले,
दुखत नव्हते, खाजत नव्हते.
साबणाचे असतील म्हणत
महिनाभर अंगावर काढले मी.

खोदेलीव, दवाखान्यातली नर्स,
सुई टोचताना फक्त हवामानावर बोलते.
मग चष्मा लावून विचारते, कुणाकुणाला कळवायचं?
एक, पाठीवर बगळा गोंदलेला.
एक गेंटचा, मोजे काढत नाही.
एक हसताना तोंडावर हात धरतो.
ती सगळं लिहून घेते, हसत नाही.
नावं?
मी खिडकीबाहेर बघतो.
पाऊस थांबेल दुपारपर्यंत, ती म्हणते.

नोव्हेंबरातला रविवार.
बावो बाथरूमच्या दारापाशी आडवा, घोरत होता.
दमलाय, झोपू दे, आम्ही म्हणालो.
उशी दिली कुणीतरी. चांगली, पिसांची.
घोरणं थांबलं तेव्हा वाटलं,
कूस बदलली असेल.

मग फोन कुणी करायचा यावर अकरा मिनिटं.
योरिसला नोकरीची भीती.
एमिलिओला कागदपत्रांची.
मला कशाची होती
ते अजून आठवत नाही.

लीरहून बहीण आली त्याची, घर आवरायला.
कागद हातात घेऊन म्हणाली, हे काय?
भांडी घासायच्या पाळ्या, मी म्हणालो.
किती टापटीप होता ना, ती म्हणाली,
आणि कागद माझ्याकडे दिला.
सुतक तिने धरलं. आम्ही कोण लागत होतो त्याचे?

शेवटची ओळ अशी आहे :
बावो, चार चाळीस.
त्याखाली पुन्हा, त्याच्याच हातचं, बावो.
पुढे काही नाही.
गाळलेल्या जागा भरा, असं फळ्यावर लिहिणारा माणूस.

आता रविवारी रात्री माझा फोन चालू असतो.
नंबर शहरभर फिरलाय, तोंडोतोंडी,
बारच्या मुताऱ्यांमध्ये कुणी चिकटवलाय म्हणे.
काल एक कोवळा आवाज, नाव सांगितलं सेने.
मित्र घोरतोय, म्हणाला. झोपू देऊ ना?
नको.
आधी रुग्णवाहिका, मग मला परत फोन.
कुशीवर वळव. त्याने काय घेतलं ते सांग त्यांना, सगळं सांग.
घाबरून पळू नकोस, त्याच्यापाशी बस.

ओट्याशी उभा राहिलो, अनवाणी.
बाहेर पहिली ट्रॅम अजून सुटायची होती.
चार वाजून पन्नास मिनिटांनी मेसेज आला,
दोनच शब्द :
जागा आहे.