निसर्ग मंडळ, दर शनिवारी

अक्षर बरं म्हणून मला सेक्रेटरी केलं,
पक्षी ओळखता येतात का, कुणी विचारलंच नाही.

जांबोटीच्या आमच्या हायस्कुलात दुर्बीण एकच,
तिची उजवी काच बुरशीनं आंधळी.
उजवा डोळा मिटायचा,
हा मंडळाचा पहिला नियम.
दुसरा अजून ठरायचाय.

बाकी सगळी शाळा खो-खोला नाहीतर लेझमीला,
आम्ही सातजण फणसाखाली, माना वर.

सूप पाखडल्यागत आवाज आला आभाळातून.
हुक्केरी सर कुजबुजले, ‘मंगट्टे!’
गावड्यांचा नारू म्हणाला, ‘माडगरुड, सर.
आमच्या आजाच्या रानात असतंय.’
तनुजानं पुस्तक उघडलं: धनेश.
तोवर ते गेलंसुद्धा
चोर्ल्याच्या अंगाला,
कुणाचंच न ऐकता.

रजिस्टरात नावाचा रकाना बोटभर रुंद.
मी वेळ लिहिली, झाड लिहिलं,
पंखांचा आवाज शेऱ्यात लिहिला, सुपासकट.
खाली सरांची सही, कन्नडमधली, वळणदार.

मार्चात तपासणीला साहेब आले.
कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘नाव?’
सातही जणांनी एकदम सांगितलं.

त्यांनी लाल शाईत लिहिलं: अपूर्ण.
अक्षर अगदीच गिचमीड होतं त्यांचं.