यादी

कोर्टाच्या यादीत एक्केचाळीस वस्तू.
मी छोटा हत्ती अंगणात उलटा लावला.
दिवाकरभाऊजी सपरीत, हातात यादीची झेरॉक्स,
आणि पंच म्हणून कुबडेमास्तर,
कानटोपी घालून, खुर्चीत.

"एक. लोखंडी कपाट."
निघालं. मागं भिंतीवर त्याच्या मापाचा
निळा चौकोन राहिला,
लग्नाच्या साली दिलेला रंग.
"दोन. दिवाण, गादीसह."
'गादीसह' म्हणताना मास्तर खोकले.

शिलाई मशीनचा पट्टा तुटलेला,
तो कोणी तोडला यात दहा मिनिटं गेली.
कूलर आमच्या बाबांनी दिलेला,
पण आतली मोटर नवी, भाऊजींनी टाकलेली.
त्यांनी पान्हा आणून ती काढली
आणि चार स्क्रू माझ्या हातावर मोजून ठेवले.

भांडी सोपी गेली, त्यांच्यावर नावं होती.
एका गंजावर मात्र दोघांचं,
'कुंदा-दिवाकर यांस, मित्रमंडळाकडून सप्रेम.'
मास्तरांनी तो बाजूला सारला.
मग पाहिलं तर कोंबडी त्यात पाणी पीत होती.

बोअरमध्ये ताईचे साडेतीन तोळे आहेत,
तीनशे साठ फुटांवर.
ते यादीत नाहीत.
मोडीची पावती भाऊजींच्या नावानं फाटली.
वकील म्हणाले, हे नाही सिद्ध व्हायचं, सोडा.

संत्रीही नाहीत.
वावर सासऱ्याच्या सातबाऱ्यावर,
झाडं दोनशे चाळीस, तशी नोंद आहे.
डोळे कोणी भरले, त्याला रकाना नाही.
जंबेरीच्या रोपाला उभा काप, आडवा काप,
साल उचलून आत डोळा सरकवायचा,
वरून पट्टी आवळायची, फार नाही.
ताईचा अंगठा त्या बाजूनं अजून चिरलेला.
नऊ हिवाळे.
भाऊजी रोपं धरायचे. हेही खरं.

सगळं लादून झालं, तेव्हा ती
सकाळपासून पहिल्यांदा बोलली.
"मास्तर, मले वीस काड्या पायजे.
तिसऱ्या वळीतल्या झाडाच्या."
"यादीत नाई ना बाई ते."
"म्हनूनच इचारून राह्यली."

मास्तरांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली.
भाऊजींनी खुंटीवरची कात्री घेतली
आणि न बोलता वावराकडे निघाले.
ती मागून, दहा पावलं सोडून.

बाग ताणावर होती,
महिनाभर पाणी तोडलेलं, पानं वळलेली.
गळक्या नळीजवळचं ते एकच झाड हिरवं.
लांबून दिसत होतं,
तो फांदी खाली ओढून धरायचा,
ती बोट ठेवायची, ही, ही नाही, ही.
एकदा तिनं कात्री त्याच्या हातातून घेतली
आणि त्यानं घेऊ दिली.

मास्तरांनी बेचाळीस आकडा घातला.
'संत्र्याच्या काड्या, नग वीस.'
किमतीपाशी पेन अडलं.
"शून्य टाका," भाऊजी म्हणाले.
"शून्य नोका टाकू," ताई म्हणाली.
जागा कोरी राहिली, खाली तिघांच्या सह्या.

डांबरी लागेपर्यंत कपाट मागं वाजत होतं.
ताईच्या मांडीवर ओलं पोतं,
दर चार-दोन किलोमीटरवर ती बाटलीतून
त्यावर पाणी शिंपायची.
फाट्यावर मी गिअर बदलला, तेव्हा म्हणाली,
"आपल्या गावात जंबेरीची रोपं
कोनाकडं हायेत रे आता?"
मी एकेक घर आठवू लागलो.