लुबोररावांचा आवाज

पहिल्यांदा तो आला तो मुका होऊन.
मिरज स्टेशनवरून सायकलच्या कॅरियरला बांधून
भूपाल मगदुमानं आणलेले पत्र्याचे तीन डबे,
विश्रामबागेतल्या शाळेचा हॉल,
आणि दस्तगीर मुजावरच्या प्रोजेक्टरचा
आवाजाचा दिवा पहिल्याच रिळात गेला.

पडद्यावर एक तरणा पोस्टमन बर्फातून चाललेला.
ओठ हलतायत, हॉलभर नुसती मशीनची घरघर.
मगदूम माझ्या कानाशी आला:
तू प्रॉम्प्टर ना? मग बोल की.

होतो मी प्रॉम्प्टर.
दिवसा हळदीच्या सौद्यात पावत्या फाडायच्या,
रात्री विंगेत स्टुलावर बसून
दुसऱ्यांच्या तोंडात शब्द ठेवायचे,
ते त्यांचेच वाटतील इतक्या हळू.
सायक्लोस्टाइल कागदावर गोष्ट होती आठ ओळींत,
त्यावर माझी पिवळी बोटं उमटली.
उरलेलं मी त्याच्या ओठांवरून उचललं.
"पत्र नाही, काकू. आजपण नाही."
आवाज लावला खर्जातला, भारदस्त.
खांदे तसे होते त्याचे.

नाव लुबोर व्होंद्राक. आम्ही लुबोरराव म्हणायचो,
जणू माधवनगर रोडचा कुणी वकील.

त्याच्या गावात रणगाडे तर आधीच येऊन गेलेले.
आमच्या बर्फातल्या पोस्टमनला
त्याचा अजून पत्ता नव्हता.

पुन्हा दिसला तो एका जर्मन सिनेमात.
वेटर. हातात ट्रे, मान खाली, दोन वाक्यं,
तीसुद्धा कुणी दुसऱ्यानं म्हटलेली.
हा त्याचा आवाज नव्हे, मी अंधारात म्हणालो,
आणि शेजारचे पाटील मास्तर माझ्याकडं बघतच राहिले.

मग तो येत राहिला.
जर्मनांकडं रशियन हेर,
फ्रेंचांकडं जर्मन कॅप्टन,
स्वीडनमध्ये वाट चुकलेला पोलिश पाद्री,
इटलीत एकदा नुसतं प्रेत.
सगळीकडं परकाच, कुठला परका तेवढं बदलायचं.
कपाळ वर सरकत गेलं, पोट सुटलं,
आणि दरवेळी गळा कुणा भाड्याच्या माणसाचा.
दस्तगीर मुद्दाम बटण पिळून आवाज घालवायचा,
मागं वळून म्हणायचा, हं, बोला.

मी बोलायचो.
नव्वद माणसं, मग चाळीस, मग अकरा.
जर्मन कॅप्टन आमच्या सांगलीकडच्या मराठीत हुकूम सोडायचा
आणि मरताना म्हणायचा, जरा पाणी द्या हो,
जे मुळात कुणी लिहिलंच नव्हतं.
एकदा तर त्या इटलीतल्या प्रेताच्याही तोंडी
मी एक वाक्य घातलं.
कुणी हसलं नाही.

पुराच्या साली हरिपूरची पेवं बुडाली.
जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं सांभाळलेली हळद
चिखल होऊन वर आली, वास महिनाभर हटेना.
मंडळ केव्हाच बंद पडलेलं, मगदूमही गेलेला.
त्याच हिवाळ्यात त्याच्या नातवानं
पुण्याहून एक डिस्क आणली.

लुबोरराव परतले होते.
म्हातारे, आपल्या देशात, आपल्या भाषेत.
बंद पडलेल्या स्टेशनाचे स्टेशनमास्तर.
त्यांनी तोंड उघडलं
आणि निघाला तो बारीक, चिरका,
आठवीतल्या पोराचा फुटतो तसला.
तीस वर्षं मी ज्याला खर्ज पुरवला
त्याच्या गळ्यात एक पिपाणी होती.

दस्तगीरला आता ऐकायला कमी येतं.
टीव्हीला कान लावून बराच वेळ बसला,
मग माझ्याकडं वळला:
"ह्यो कोण बोलतोय?
लुबोररावांचा आवाज न्हाई ह्यो."

मी काही बोललो नाही.
तो कंदील घेऊन रुळांवर उभा होता,
गाडी येणार नव्हती,
आणि त्या पिपाणीतून तो काय सांगत होता
ते मला, पहिल्यांदाच,
काही कळलं नाही.