परवाना

ग्वाल्हेरला जानेवारीत नळ उघडला
की आधी हवा खोकते,
मग बोटं कापणारं पाणी.
आमच्याकडे तेही नव्हतं. भिंत मात्र ओली,
कॅलेंडरवर ओल संक्रांतीच्या चौकोनापर्यंत चढलेली.

आधीच्याने तीन ठिकाणी फोडून ठेवली होती,
म्हणून या वेळी हट्ट: परवानावालाच हवा.
नगर निगमच्या खिडकीवर यादी मिळाली.
अकरा नावं. दोघे वारलेले, एक दुबईला.
चौथा म्हणाला, धुकं उतरू द्या.

साडेअकराला आला, मफलरमध्ये फक्त डोळे,
लुनाला लटकवलेला पाना. बच्चूलाल कुशवाह.
मी कार्ड मागितलं.
लॅमिनेशनच्या आत एक कोवळा पोरगा,
मिसरूड नुकतं फुटलेलं,
आणि मुदत संपून सहा वर्षं.
'फीस भरनी है,' तो म्हणाला, भिंतीकडे बघत.

मग स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला, मूठ कानाला,
मला खुणेनं: गप्प.
भाजीखालचा गॅस बंद केला. श्वासही धरला.
बराच वेळ.
'यहाँ, चाची. यहाँ रो रही है.'

एकच वीट काढली.

बिलावर परवाना क्रमांक लिहिताना
शेवटचा आकडा त्याला आठवेना.
कार्ड अजून माझ्याच हातात होतं.
मी सांगितला.