पावडरची पाळी

चावी माझ्याकडे असते.
तीस वर्षं जॉबर होतो मी मागांचा.
अडकलेला धोटा, सैल पट्टा, झिजलेला पिकर,
कान लावला की कळायचं, कुठं दुखतंय.
पुढं माग भंगारात गेले.
शेड उरली, फरशीत बोल्टांची भोकं उरली,
आणि मालकाच्या सुनेनं ती जागा पोरांना दिली.
एक कॅरम, दोन ट्यूबलाइट,
दार न लागणारं पुस्तकांचं कपाट,
आणि मी.

सातला पोरं येतात.
पुण्याहून आलेल्या बाई पहिल्या आठवड्यात घाबरल्या.
म्हणाल्या, ही सारखी भांडतात का हो?
म्हटलं, बाई, बोलतायत.
यांचे आईबाप मागावर वाढले.
त्या खटखटीतून आवाज पोचवायचा
तर साधं 'का बे' सुद्धा ओरडूनच म्हणावं लागतं.
आमच्या पूर्वभागात
माया पण वरच्या पट्टीतच करतात.

श्रावणी म्याकल येते, बोटांना तंबाखूचा वास.
आईसोबत पाचशे विड्या वळून मग इथं.
स्ट्रायकर असा सोडते
की राणी मुकाट खिशात जाते.
इम्तियाज बागवान
शिव्या तेलुगूत देतो, हिशेब कन्नडात करतो,
माफी मात्र मराठीत, कारण ती शाळेत शिकला.

आणि वेणू बोद्धूल.
दहावीला दोनदा बसलेला.
बाप माझ्याच शेडमधला,
माग गेल्यापासून उंबऱ्यात बसून रस्ता मोजतो.
सहा महिने हे पोरगं आलं, भिंतीला टेकलं, गेलं.
शब्द नाही.
माग चालू असताना माणूस शांत झोपतो,
बंद पडला की दचकून उठतो.
तसं व्हायचं मला, त्याच्याकडं बघून.

विचारलं काहीच नाही.
फळ्यावर पाळ्या लिहिल्या फक्त.
झाडू कुणी मारायचा,
पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं की माठ कुणी भरायचा.
शुक्रवार, कॅरमची पावडर: वेणू.
दहा रुपयांची पुडी.
एवढंच.

एप्रिलातल्या एका शुक्रवारी तो आला नाही.
साडेआठला फोन.
"काका, स्टेशनवर आहे."
जॉबर घाई करत नसतो. कान लावून उभा राहिलो.
मागं ती घोषणेची बाई
तीन भाषांत गाडी आल्याचं सांगत होती.
"काका, पावडर माझ्याच खिशात राहिली.
खेळ झाला का आज?"

म्हटलं, "नाही ना. सोंगट्या अडकतायत. सगळे बसून आहेत."

खोटं बोललो.
श्रावणीनं आईच्या डब्यातली टाल्कम आणली होती,
अख्खी शेड लग्नघरासारखी दरवळत होती
आणि चौथा डाव चालू होता.

बराच वेळ नुसती गाडी ऐकू आली.
थांबलेली. मग हलणारी. मग नाहीच.
"ठेवतो," म्हणाला.

मी पोरांना म्हटलं, बोर्ड पुसा.
का, म्हणून एकानंही विचारलं नाही.

साडेनऊला आला. घामाघूम, खांद्याला पिशवी.
पुडी बोर्डावर ठेवली.
इम्तियाज ओरडला, "का बे, येवढा उशीर?"
"गर्दी होती बे!"
इतक्या जोरात, की वेणूच दचकला.
शेजारच्या गिरणीवाल्यानं डोकावून पाहिलं
आणि परत गेला.

सगळं ठीक झालं, असं नाही म्हणत मी.
बाप अजून उंबऱ्यातच आहे.
गणिताचं पुस्तक अजून कोरं आहे.
पण दुसऱ्या दिवशी झाडताना
भिंतीजवळ एक तिकीट सापडलं. जनरलचं, हैदराबाद.
कॅरमच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे,
तीस वर्षांची सवय, हाताला फाचर लागतेच.
घडी केली, खाली सारली.
बोर्ड आता सरळ बसतो.
जवळजवळ.